किनाऱ्याची रेषा कुणी काढली? जुने नकाशे आणि बंदरगावांचा भूतकाळ

समुद्रकाठच्या गावाचा जुना नकाशा समोर आला की नजर आधी ओळखीच्या खुणा शोधते. दीपगृह, चर्च, मोठा चौक. त्या सापडल्या की ती पाण्याकडे वळते आणि तिथेच अडखळते. आज जिथे इमारती आहेत तिथे जहाजं नांगरलेली दिसतात, किंवा आज जिथे नुसतं पाणी आहे तिथे बाजारपेठ. यातलं काय जसंच्या तसं मानायचं आणि काय ताडून पाहायचं, हे ठरवण्याआधी एक गोष्ट विचारावी लागते: हा नकाशा कुणाच्या गरजेसाठी काढला होता?

पहिली गरज खलाशांची होती. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला ‘कार्ता पिसाना’ हा तेराव्या शतकाच्या अखेरचा चामड्यावरचा नकाशा, भूमध्य समुद्राच्या सागरी नकाशांपैकी आज शिल्लक असलेला सर्वांत जुना. या जातीच्या नकाशांत बंदरांची नावं किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूला लिहिलेली असत, म्हणजे पाण्याची बाजू जहाजाच्या मार्गासाठी मोकळी राही. त्यात गाव म्हणजे फक्त एक नाव. रस्ते नाहीत, घरं नाहीत. तरी त्या नावालाही मोल आहे. एका शतकात ठळकपणे लिहिलेलं नाव पुढच्या शतकात गळलं, तर बंदराचं मुख गाळाने भरलं का, व्यापार दुसरीकडे वळला का, या शोधाला तिथून सुरुवात करता येते.

1584 मध्ये डच नाविक लुकास यान्सझोन वाखेनार याने सागरी नकाशांचा छापील संग्रह काढला. जहाजावरून किनारा कसा दिसतो याची आडवी चित्रं, पाण्याची खोली, वाळूचे दांडे, प्रवेशाच्या खुणा असं सगळं त्यात होतं. हा संग्रह इतका चालला की इंग्रजीत अशा कुठल्याही पुस्तकाला ‘वॅगनर’ म्हणू लागले. पण वाखेनार बंदरांची मुखं मुद्दाम मोठी काढायचा आणि मधला किनारा आवळून घ्यायचा. खलाशाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर, कारण धोका मुखाशीच असतो. आज कुणी त्यावर पट्टी ठेवून गावाची रुंदी मोजायला गेला, तर मात्र फसेल.

दुसरी फसगत छपाईची. नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरले जात, आणि पत्रा महाग म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात राही. लंडनच्या जॉन सेलरने 1671 पासून जे सागरी नकाशे छापले, त्यांतले बरेचसे जुन्या डच पत्र्यांवरून काढलेले होते. नौदलाच्या कारभारात असलेल्या सॅम्युअल पेप्सने त्यावर टीका केली होती. म्हणजे कागदावर साल एक, आणि आतला किनारा त्याच्या कित्येक वर्षं आधीचा. माझ्या मते जुना नकाशा वाचताना पाळायची सर्वांत महत्त्वाची सावधगिरी हीच: छपाईचं साल आणि मोजणीचं साल वेगळं धरायचं.

नव्याने मोजणी करण्याची गरज त्यातूनच पुढे आली. 1681 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याचं काम ग्रीनव्हिल कॉलिन्सकडे सोपवलं गेलं आणि 1693 मध्ये ते छापून आलं. पण पायाशुद्ध मोजणी आली ती 1740 च्या दशकात. मर्डोक मॅकेन्झीने ऑर्कनी बेटांवर आधी जमिनीवर एक सरळ पायारेषा मोजली, मग तिच्या आधाराने त्रिकोण जोडत जाऊन सगळा किनारा बांधून घेतला. ते नकाशे 1750 मध्ये निघाले. 1795 मध्ये ब्रिटिश नौदलाने सागरी नकाशांचं स्वतंत्र कार्यालय उघडलं. तिथून पुढच्या नकाशांवर आकड्यांची दाटी वाढत जाते. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी होडीतून सोडलेला शिशाचा गोळा. गोळ्याच्या तळाला चरबी लावलेली असे. तिला चिकटून वर आलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा पाहून तळ कसा आहे तेही नोंदवत. बंदर गाळाने भरत चाललं होतं का, हे दोन वेगवेगळ्या मोजण्यांतले वावांचे, म्हणजे खोलीचे, आकडे शेजारी ठेवले की दिसू लागतं.

आता किनाऱ्याची रेषा. नकाशात ती एकच आणि ठाम असते, पण पाणी कधी एका जागी थांबतं का? उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची रेषा वेगळी, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीची वेगळी. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीमधल्या पट्ट्याची मालकी सर्वसाधारणपणे राजसत्तेकडे धरली जाई, त्यामुळे रेषा नेमकी कुठली हा प्रश्न 1854 मध्ये न्यायालयात गेला आणि उधाण व भांग यांच्या मधली सरासरी भरती धरायची असं ठरलं. सरकारी मोजणीखात्याने इंग्लंडच्या नकाशांवर तीच भरती घेतली. स्कॉटलंडमध्ये मात्र उधाणाची घेतली गेली. उताराच्या किनाऱ्यावर एवढ्या फरकाने रेषा कितीतरी मीटर सरकते. दोन नकाशांत किनारा मागे गेलेला दिसला, तर समुद्राने जमीन खाल्ली असं म्हणण्याआधी दोन्हीकडे भरती कुठली धरली आहे ते पाहावं.

जमिनीच्या बाजूचं बारीक चित्र हवं असेल तर ते विमा कंपन्यांच्या नकाशांत सापडतं. अमेरिकेत 1867 पासून सॅनबॉर्न कंपनीने आगीच्या विम्यासाठी एका इंचाला पन्नास फूट या प्रमाणात शहरं रंगवली: विटांच्या इमारती गुलाबी, लाकडी पिवळ्या, दगडी निळ्या. धक्क्यावरचं गोदाम लाकडी होतं का, त्यात काय साठवत, हे त्यावर कळतं. समुद्रात भराव घालून वाढलेल्या शहरांसाठी मात्र याहून जुने किनारपट्टीचे नकाशे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोत सोन्याच्या शोधाच्या धांदलीत टाकून दिलेली जहाजं धक्क्यांना टेकवून गोदामं आणि खानावळी म्हणून वापरली गेली, आणि मग खाडीचा तो भागच भरून काढला. त्यांतलं ‘नायांटिक’ 1851 च्या आगीत जळालं. 1978 मध्ये एका बांधकामाच्या खोदाईत त्याचा सांगाडा मिळाला. मूळ किनारा माँटगोमेरी स्ट्रीटच्या आसपास होता. आज तिथे उभं राहिलं तर पाणी दिसतही नाही.

नकाशावर नकाशा ठेवून शोध घेण्याची पद्धत किती पुढे जाऊ शकते, हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं डनिच दाखवतं. मध्ययुगातलं हे भरभराटीचं बंदर. 1286 आणि 1328 च्या वादळांनी त्याचं मुख बुजवलं आणि मग गावाखालचा मऊ कडा समुद्राने वर्षानुवर्षं कापत नेला. 1587 मध्ये राल्फ ॲगस याने गावाची मोजणी केली. तोवर बरंच गाव गेलं होतं, तरी रस्ते, चर्च, बाजाराची जागा त्यात नोंदलेली आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डेव्हिड सीअर यांच्या चमूने हा नकाशा संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवला. जुळवण्यासाठी दोन्हीकडे असलेल्या खुणा लागतात. ग्रेफ्रायर्स मठाचे अवशेष अजून जमिनीवर उभे असल्याने तसा आधार मिळाला. मग ज्या जागा आता समुद्रात येतात तिथे तळ तपासला. पाणी इतकं गढूळ की पाणबुड्याला हातभरही दिसत नाही, म्हणून ध्वनिलहरींनी चित्र घेणारा कॅमेरा वापरला, आणि चर्चचे दगड त्यात उमटले.

डनिचचं ऑल सेंट्स हे चर्च 1904 मध्ये कड्यावरून ढासळू लागलं; 1919 मध्ये त्याचा मनोराही गेला. ॲगसच्या नकाशात हेच चर्च गावाच्या पश्चिम कडेला आहे, समुद्रापासून चांगलं आत.