तारामती गिरगावची

गिरगावात पायी फिरायला निघालात तर तासाभरात अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्या आयुष्यातली तीन ठिकाणं गाठता येतात. कांदेवाडी, जिथे माहेरच्या, म्हणजे लाड आडनावाच्या, मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. मॅजेस्टिक टॉकीज, जिथे त्यांचा 'अयोध्येचा राजा' लागला. टॉकीज पडून जमाना झाला, आता तिथे शॉपिंग सेंटर आहे. आणि केळेवाडीतला साहित्य संघ, ज्याच्यामुळे त्या पुढे रंगमंचावर आल्या. (खोताच्या वाडीचा मात्र या खोट्यांशी संबंध जोडू नका. ती खोताची.)

गंमत या ठिकाणांच्या क्रमात आहे. त्या काळचे नट आधी नाटक मंडळीत भाकरी खायचे आणि मग बोलपटात जायचे. दुर्गाबाई उलट्या आल्या: आधी पडदा, रंगमंच नंतर. याचं कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा नाटकाच्या धंद्यात शोधावं.

थोडं मागे जाऊ. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' याच गिरगावात, कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यातली तारामती होते अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा हा गडी. फाळक्यांनी बाई शोधायचा पुष्कळ खटाटोप केला, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला कुणी तयार होईना. शेवटी साळुंक्यांनी लुगडं नेसलं. पुढे 'लंकादहन'मध्ये याच गृहस्थांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या! फाळक्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या हे खरं, पण मायलेकी दोघी नाटकाच्या फिरत्या जगातल्या. पांढरपेशा घरातली शिकलेली बाई अजून लांबच होती.

रंगभूमीवर तर स्त्रीपार्टाचं, म्हणजे बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांचं राज्य होतं. बालगंधर्वांचा शालू पाहून घरंदाज बायका आपली नेसण सुधारायच्या, तिथे खऱ्या बाईची अडचणच व्हायची. शिवाय मंडळी म्हणजे बारमाही बिऱ्हाड पाठीवर. आज पुणे, उद्या हुबळी. 1929 मध्ये गायिका हिराबाई बडोदेकरांनी पुरुषांनीच बायका करायचा पायंडा मोडला. 1933 च्या जुलैत 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' लावलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी बायकांची कामं केली. म्हणजे दुर्गा खोटे पडद्यावर आल्या तेव्हा त्यांच्यासारखीला मुंबईच्या नाटकात जागाच नव्हती. बोलपटाला मात्र बाईचा खरा आवाज हवा होता.

त्यांचा जन्म 1905 चा. वडील सॉलिसिटर, शाळा कॅथीड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. लग्न खोट्यांच्या सुखवस्तू घरात झालं, पण पुढे सासरची स्थिती घसरली आणि दोन मुलांचं ओझं त्यांच्यावर आलं. 1931 च्या 'फरेबी जाल'मध्ये छोटंसं काम मिळालं. चित्रपट आपटला आणि बोलणी मात्र दुर्गाबाईंच्या वाट्याला आली. लाडांची मुलगी, खोट्यांची सून आणि सिनेमात! त्यांनी तिथेच हात टेकले असते तर नवल नव्हतं.

पुढच्याच वर्षी व्ही. शांतारामांनी त्यांना तारामती दिली. त्यांची 'प्रभात' ही चित्रपट कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. 'अयोध्येचा राजा'ची नोंद पहिला मराठी बोलपट म्हणून होते. तो मराठीत आणि हिंदीत असा दोनदा घेतला, म्हणजे प्रत्येक प्रसंगाची मेहनत दुप्पट. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं, त्यामुळे गाणारा नट कॅमेऱ्यासमोर गायचा, वादक चौकटीबाहेर दडून साथ करायचे आणि एक सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. दुर्गाबाईंनी आपली पदं स्वतः गायली. हा बोलपट आजही पाहता येतो. संवाद नाटकी वाटतात, पण राजवाडा सोडून काशीच्या बाजारात विकली जाणारी राणी त्यांच्या चालण्यातून कळते. हीच भूमिका एका पुरुषाने केली त्याला तेव्हा 19 वर्षं झाली होती.

मग त्या थांबल्या नाहीत. कंपन्यांशी मासिक पगारावर बांधून घ्यायचा तो जमाना, पण त्या कोल्हापुराहून कलकत्त्याला गेल्या, न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' केला, परत आल्या. 1936 च्या 'अमर ज्योती'त त्या झाल्या सौदामिनी, गलबतं लुटणारी सूडाने पेटलेली चाचीण. माझ्या मते त्यांचं सगळ्यात धीट काम हेच. पुढच्या वर्षी 'साथी'ची निर्मिती आणि दिग्दर्शनही त्यांनी केलं. आणि 1941 मध्ये, छत्तिशीत, अत्र्यांच्या 'पायाची दासी'त त्या खाष्ट सासू झाल्या. नायिकेने या वयात सासू व्हायला छाती लागते.

नाटक आलं ते यानंतर, साहित्य संघामुळे. डॉ. अ. ना. भालेरावांनी संघाच्या नाट्यमहोत्सवांतून मुंबईतलं नाटक पुन्हा उभं केलं. ही मंडळी नव्हती, बिऱ्हाड नव्हतं. तालीम करून रात्री घरी जाता यायचं. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटक राघोबा आणि दुर्गाबाई आनंदीबाई. 'ध' चा 'मा' करणारी ही बाई मराठी माणसाला लहानपणापासून पाठ. तिच्याबद्दल प्रेक्षक मत ठरवूनच येतो. 1954 मध्ये शिरवाडकरांनी मॅकबेथवरून केलेल्या 'राजमुकुट'मध्येही हीच जोडी होती आणि दिग्दर्शक होते हर्बर्ट मार्शल. दोन्ही नाटकांत नवऱ्याला गादीकडे ढकलणारी बायको. संगीत नाटक अकादमीने 1958 मध्ये त्यांचा गौरव केला.

बाकीचं बहुतेकांना ठाऊक असतं. 1960 च्या 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बिदाई'ची फिल्मफेअर, 1968 ची पद्मश्री, 1983 चा फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नाही, त्यांच्याच नावाचा. घरातली रंगभूमी सुनेने पुढे नेली. विजयाबाई, पुढच्या विजया मेहता, या त्यांचे धाकटे चिरंजीव हरीन यांच्या पत्नी. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलं, शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं.

22 सप्टेंबर 1991 ला त्या गेल्या. त्याच्या तीनच वर्षं आधी दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' सुरू झाली होती. चाळीशी-पन्नाशीतल्या मराठी घरांत तो वागले अजून आठवतो, त्याची बायको आठवते. ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती, हे मी कुणाला सांगितलं की हमखास पुढचा प्रश्न येतो: "त्याच का?"