पैसेवाला क्लबच रग्बीत जिंकतो, हे खरं नाही

आमच्या वर्धा-यवतमाळकडे कबड्डीचे खुले सामने संपले की पानठेल्यावर हे वाक्य ठरलेलं: "ज्याचा पैसा, त्याचा कप." वर परदेशातल्या रग्बी क्लबांचा दाखला. तो दाखलाच चुकीचा आहे.

फ्रान्समधलं कास्त्र म्हणजे आपल्या आर्वीएवढ्या, चाळीसेक हजार वस्तीचं गाव. 2013 च्या फ्रेंच रग्बी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिथल्या क्लबनं जॉनी विल्किन्सनसारखे तारे असलेल्या तुलाँ क्लबला 19-14 असं हरवलं. 2018 मध्ये साखळीत सहावे राहूनही अब्जाधीश मालकाच्या माँपेलिएला 29-13 असं लोळवलं. कास्त्रमागेही औषध कंपनी आहे, म्हणजे ते कंगाल नाहीत. अजिबात पैसा नसेल तर संघ उभाच राहत नाही, हे मान्यच.

इंग्लंडच्या वरच्या श्रेणीच्या रग्बीत 1999 पासून क्लबनं खेळाडूंना द्यायच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. सारासेन्स या क्लबनं ती सलग तीन हंगाम मोडली आणि 2018, 2019 चे किताब जिंकले. पैशाचा जोर इथे दिसतो. शिक्षा म्हणून 2020 मध्ये त्यांना खालच्या श्रेणीत जावं लागलं. पण त्याच तीन हंगामांतला पहिला, 2017 चा किताब नेला एक्झिटरनं. उपांत्य सामन्यात याच सारासेन्सला 18-16 असं हरवून. एक्झिटर 2010 मध्येच वरच्या श्रेणीत आलेला क्लब होता!