पेनी ब्लॅक की पेनी रेड? घेण्यापूर्वी थोडी माहिती

दुकानात येणारे बहुतेक ग्राहक आधी पेनी ब्लॅक हे ब्रिटनचं जुनं काळं टपाल तिकीट मागतात आणि किंमत ऐकून पेनी रेड या लाल तिकिटाकडे वळतात. त्यात कमीपणा काहीच नाही. दोन्ही तिकिटं एकाच छापखान्यातली. शिकण्यासाठी तर आमच्या मते लालच बरं.

रोलंड हिल यांच्या टपाल सुधारणेतून ब्रिटनमध्ये ६ मे १८४० पासून पेनी ब्लॅक चालू झालं. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. त्याआधी अंतर आणि कागदांची संख्या पाहून आकारणी होई, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यालाच मोजावे लागत.

छपाई लंडनच्या पर्किन्स, बेकन अँड पेच यांची. विल्यम वायन यांनी घडवलेल्या पदकावरचा व्हिक्टोरिया राणीचा चेहरा चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या बापलेकांनी पोलादावर कोरला. हा ठसा कडक करून मऊ पोलादी रोलरवर उचलायचा, मग रोलर कडक करून तोच चेहरा छपाईच्या प्लेटवर २४० वेळा दाबायचा. २० ओळी, दर ओळीत १२ तिकिटं. तेव्हा १२ पेनींचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे एक ओळ शिलिंगाची आणि अख्खा ताव पौंडाचा!

खालच्या कोपऱ्यांतली अक्षरं मात्र प्लेटवर एकेक करून हातानं ठोकलेली असत. डावं अक्षर ओळ सांगतं, उजवं ओळीतली जागा. ‘सी डी’ म्हणजे तिसऱ्या ओळीतलं चौथं तिकीट. बनावट तिकिटं रोखण्यासाठी ही युक्ती होती. आज तिच्यामुळेच तुमच्या तिकिटाची तावातली नेमकी जागा कळते.

काळ्या तिकिटावरचा लाल शिक्का पुसून लोक तिकीट पुन्हा वापरतील, ही पोस्टाची धास्ती. म्हणून १८४१ मध्ये तिकीट लाल झालं आणि शिक्का काळा.

ग्राहक नेहमी दोन तक्रारी करतात. पहिली, ‘कागद निळसर का?’ शाईतल्या रसायनामुळे. जुन्या पेनी रेडमध्ये तो दोष नव्हे. दुसरी, ‘छिद्रं चित्रात का घुसली?’ कागद ओला करून छापत, वाळताना तो कमीजास्त आकसे आणि तिकिटं सुटी करायची छिद्रं पाडताना रांगा जुळत नसत.

छिद्रांची तिकिटं १८५४ पासूनची. त्याआधीची कात्रीनं कापलेली, म्हणून चारही बाजूंना कोरी कड शाबूत असेल तर भाव चढतो. पेनी ब्लॅक सुमारे ६ कोटी ८० लाख छापली गेली, म्हणजे तिकीट तसं दुर्मिळ नाही. महागडी असते ती कड. छिद्रं कातरून ‘बिनछिद्राचं’ म्हणून विकलेलं पेनी रेडही बाजारात सापडतं.

१८६४ नंतरच्या पेनी रेड तिकिटांत दोन्ही बाजूंच्या नक्षीत प्लेट क्रमांक दडलेला असतो, भिंगाखाली पाहा. ७७ क्रमांकाचं अत्यंत दुर्मिळ. १७७ मधला १ खरवडूनही ७७ केला जातो, तेव्हा तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. आमच्याकडे ७७ चं तिकीट नाही.

घरातली जुनी तिकिटं दाखवायची असतील तर पाकिटावरून न काढता, न पुसता आणा.