पार्श्वभूमी : माळरान ‘पडीक’ कसे ठरले

दख्खनच्या माळावर झाडे लावायची मोहीम निघाली की ‘पडीक जमीन हिरवी करू’ हे वाक्य येतेच. सगळा घोळ त्या पहिल्या शब्दात आहे.

शेतकऱ्याच्या तोंडी पड म्हणजे वर्ष-दोन वर्षे न पेरता विसाव्याला ठेवलेले रान. ते पुन्हा वहितीखाली येणार, हे त्यात धरलेलेच असते. माळ वेगळा, गायरान वेगळे, कुरण वेगळे. महसुलाच्या हिशेबात मात्र हा फरक उरला नाही. १८३६च्या सुमारास इंग्रजांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी आणि साराआकारणी सुरू केली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. पोटखराबा, म्हणजे लागवडीजोगा नाही म्हणून आकारणीतून वगळलेला तुकडा, हा सातबाऱ्यावरचा शब्द त्याच व्यवस्थेतून आला. इंग्रजी दप्तरातल्या ज्या संज्ञेसाठी आपण ‘पडीक’ म्हणू लागलो, तिचा रोख ‘सारा न देणारी जमीन’ एवढाच होता. कागदावरून कागदावर जाता जाता तिचा अर्थ ‘जिथे काहीच नाही अशी जमीन’ असा झाला. माळाचे नुकसान नांगर लागण्याआधी इथेच सुरू झाले, असे मला ठामपणे वाटते. स्वातंत्र्यानंतरही शब्द टिकला. १९८५ मध्ये तर पडीक जमिनींच्या विकासासाठी देशपातळीवर वेगळे मंडळ नेमले गेले. पुढे उपग्रहचित्रांवरून नकाशे निघाले, त्यांतही झुडपी माळ पडीक म्हणूनच नोंदले गेले.

विज्ञानानेही या समजाला हातभार लावला. आधी गवत, मग झुडपे, शेवटी जंगल, अशी अनुक्रमणाची शिडी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. त्यामुळे गवत म्हणजे अपुरे राहिलेले किंवा तोडले गेलेले जंगल, असे मानले गेले. पण तुटपुंजा पाऊस, वीतभर मुरमाड माती, वणवा आणि चराई यांत ही शिडी वर जातच नाही. मध्ययुगीन मराठी ओव्या, चरित्रे आणि लोकपरंपरा यांतले वनस्पतींचे उल्लेख अलीकडे तपासले गेले. त्यांतही बाभूळ, पळस, तरटी अशी उघड्या रानातलीच झाडेझुडपे पुष्कळ निघाली. म्हणजे हे माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत.

कुसळी गवत जवळून पाहावे. त्याच्या बीला पीळ असलेली लांब शेपटी असते. दमट हवेत पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो आणि बी गिरमिटासारखे मातीत शिरते. आपल्या पायमोज्यात घुसते ते याच युक्तीने. इतकी तयारी पिढ्यान्‌पिढ्या उघड्या माळावर राहिलेल्या गवताचीच असते.

१९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागासाठी योजना आल्या, रोजगार हमी आली, चर खणले गेले, रोपे लागली. लोकांना कामाची नितांत गरज होती, हे विसरता येत नाही. पण सोलापूरजवळ नान्नजला गिरिपुष्प लावले गेले. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते जगले आणि त्याच्या सावलीत गवत विरळ झाले. माळढोक हा लांबवर नजर पोचेल अशाच जागी वावरणारा पक्षी. त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर माळढोक नावालाच उरला होता.

आता माळावर सौरप्रकल्पही येत आहेत, कारण कागदावर जमीन रिकामी आहे. आणि जिथे ती मोजणी सुरू झाली, त्या इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला लोक पैसे भरून, पहाटे उठून, गवतात लांडगा आणि चिंकारा पाहायला येतात.