दोरी नवी घातली, पण चावी दिली का?

मासेमारीबंदी 31 जुलैला संपते आणि दोन महिने पडवीत गोणपाटाखाली पडून राहिलेली छोटी आउटबोर्ड इंजिनं पुन्हा होडीच्या मागे चढतात. त्या पहिल्या आठवड्यात हमखास कुणाच्या तरी इंजिनाची, ओढून चालू करायची दोरी तुटते. यंदा दाभोळच्या खाडीकाठी आमच्या शेजारच्या काकांची तुटली. त्यांनी बाजारातून नायलॉनची दोरी आणली आणि स्वतःच बसवली. इंजिन चालू झालं, पण दोरीच्या टोकाची मूठ जागेवर जाईना. हातभर दोरी बाहेर लोंबत राहिली. "स्प्रिंग मेली," काका म्हणाले. स्प्रिंग धडधाकट होती. तिला चावी दिलेली, म्हणजे आधीच काही वेढे पिळून ठेवलेली नव्हती, एवढंच.

इंजिनाचं झाकण काढलं की वर एक उपडं भांडं दिसतं. त्याच्या आत कप्पी असते, कप्पीवर दोरी गुंडाळलेली आणि कप्पीला लागून जुन्या चावीच्या घड्याळात असते तशी पोलादाची लांब चपटी पट्टी, हीच ती स्प्रिंग. मूठ ओढली की कप्पी फिरते, तिची खिट्टी बाहेर येऊन फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला पकडते. इंजिन पेटलं की फ्लायव्हील कप्पीच्या पुढे धावतं आणि खिट्टी सुटते. आता दोरी परत गुंडाळायचं काम एकट्या पट्टीचं.

इथे रॉबर्ट हूक आठवतो. स्प्रिंग जितकी ताणावी तितकी ती उलट ओढते, हा त्याचा 1678 सालचा नियम आपण शाळेत शिकलो. गुंडाळलेल्या पट्टीत लांबीऐवजी वेढे मोजायचे. समजा कप्पीचा घेर 30 सेंटिमीटर आणि दोरी दीड मीटर, म्हणजे पाच वेढे. स्प्रिंग शून्यापासून सुरू केली, तर पूर्ण ओढल्यावर तिचा जोर पाच. परत येताना तो चार, तीन, दोन असा उतरत जातो आणि शेवटच्या वेढ्याला जवळपास काहीच उरत नाही. तेवढ्यात कप्पीचं आणि दोरी बाहेर येते त्या भोकाचं घर्षण जिंकतं. काकांची हातभर दोरी ती हीच! आधी तीन वेढे चावी दिली, तर जोर तीनपासून आठपर्यंत राहतो आणि मूठ टक् करून बसते. पण नऊ वेढ्यांत संपणाऱ्या पट्टीला आधीच पाच दिले, तर दोरी संपायच्या आत पट्टी आवळून बसते आणि पुढच्या हिसक्याला तुटते.

पट्टी इतकी लांब आणि पातळ का? वाकताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, म्हणून ताठपणा जाडीच्या घनावर ठरतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. लांबी दुप्पट केली तर तो निम्मा. पातळ, लांब पट्टीचा जोर वेढ्यागणिक हळूहळू चढतो, म्हणून पहिल्या वेढ्यापासून शेवटापर्यंत हाताला ओढ एकदम वाढलेली जाणवत नाही. मला या यंत्रातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणं ही कृतज्ञता आहे, ती मीही करतो. पण दोरी तुटली की "इंजिनाला नजर लागली" म्हणून लिंबू-मिरची बांधणं मला पटत नाही. दोरी तुटते ती भोकाच्या कडेवर रोज घासून, उन्हाने धागे कमजोर होऊन आणि वाळलेल्या मिठाचे कण धाग्यांत शिरून. त्यात आपण ढिल्या दोरीला एकदम हिसका देतो. खिट्टी धडकते आणि सगळा भार एका क्षणात गाठीवर येतो. आधी खिट्टी लागेपर्यंत हळू ओढावं, मग एका दमात.

काकांचं काम अर्ध्या तासात झालं. गिअर न्यूट्रलला, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, गिअरमध्ये असताना इंजिन चालू होऊ नये म्हणून असलेली केबल सोडवलेली. आतली पट्टी जागेवरून हलवली नाही, कारण ती सुटली तर हात कापते. नवी दोरी जुनीपेक्षा जाड होती, ती कप्पीत मावेना, म्हणून जुन्या मापाची आणली. टोक मेणबत्तीवर वितळवून घेतलं. दोरी गुंडाळून तिचा एक फास कप्पीच्या खाचेतून बाहेर काढला आणि तो धरून कप्पी तीन वेढे फिरवली. मग काकांनी मूठ शेवटपर्यंत ओढून धरली आणि मी अंगठ्याने कप्पी आणखी ढकलून पाहिली. अर्धा वेढा फिरली. पट्टीत जागा शिल्लक होती.