पार्श्वभूमी: युरोपचा गॅस आणि 97 टक्क्यांचा घोळ

युरोपला गॅस कायम बाहेरूनच आणावा लागला, हा समज खरा नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा साठा 1959 मध्ये सापडला आणि 1976 मध्ये या एकाच क्षेत्राने 88 अब्ज घनमीटरच्या आसपास गॅस दिला. सोव्हिएत गॅस ऑस्ट्रियात 1968 पासून येत होता, पश्चिम जर्मनीत 1973 पासून. अल्जीरियाचा गॅस त्याआधीच येऊ लागला होता, नॉर्वे नंतर जोडला गेला. पण घरची विहीर भरलेली असताना आयातीची चिंता कोण करतो?

विहीर आटली त्याआधी जमीन हलली. उपशामुळे ग्रोनिंगनला लहान भूकंप होतच होते. ऑगस्ट 2012 मध्ये हाउझिंगे गावाजवळ 3.6 तीव्रतेचा धक्का बसला, घरांच्या भिंतींना तडे गेले आणि लोकांचा धीर सुटला. उत्पादनावर टप्प्याटप्प्याने मर्यादा आल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये ते थांबले. गॅस शिल्लक असताना, तेही युरोप 2022 च्या टंचाईतून नुकताच सावरत असताना, क्षेत्र बंद करणे शहाणपणाचे होते का, हा वाद अजून मिटलेला नाही. तडे गेलेल्या घरात राहणाऱ्यांना मात्र हा प्रश्न कधी पडला नसावा.

आता 97 टक्क्यांच्या त्या बहुचर्चित आकड्याकडे. युरोपीय महासंघाचे गॅसचे आयात-अवलंबित्व 2021 मध्ये 83 टक्क्यांच्या आसपास होते, 2022 मध्ये 97 च्या पुढे गेले. त्याच वर्षी वापर आठव्या हिश्श्याने घटला आणि रशियाचा पाइपलाइनमधला गॅस निम्म्यावर आला. मग टक्का चढला कसा? उत्तर साठ्यात आहे. वर्षभरात 100 घटक गॅस वापरला आणि त्यातला 11 घरचा, तर आयात 89 पुरते. पण हिवाळ्याच्या धास्तीने आणखी 8 घटक आणून जमिनीखाली भरले, तर आयात 97 होते. भागाकार मात्र वापरलेल्या 100 नेच! या रीतीने टक्का शंभरापलीकडेही जाऊ शकतो. म्हणजे सावधगिरीची बेगमीच कागदावर परावलंबन म्हणून दिसली. शिवाय शेजारच्या नॉर्वेचा गॅस आणि अमेरिकेहून जहाजाने आलेला एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू) या आकड्यात एकाच मापाने मोजले जातात, त्यामुळे धोका नेमका कुठे आहे ते त्यातून कळत नाही.

धोका होता तो एकाच पुरवठादारावर विसंबण्यात. जानेवारी 2009 मध्ये युक्रेनमार्गे येणारा पुरवठा जवळपास दोन आठवडे तुटला. तरी 2011 मध्ये बाल्टिक समुद्राखालून रशियाची नवी थेट पाइपलाइन सुरू झाली. 2021 मध्ये महासंघाच्या गॅस आयातीत रशियाचा वाटा सुमारे 45 टक्के होता, 2023 मध्ये तो 15 टक्क्यांच्या घरात आला. जर्मनीने डिसेंबर 2022 मध्ये विल्हेल्म्सहाफेनला पहिले तरंगते एलएनजी टर्मिनल उभे केले. 1 जानेवारी 2025 पासून युक्रेनमार्गे वाहतूकही थांबली, मात्र रशियन एलएनजीची जहाजे त्यानंतरही युरोपीय बंदरांना लागत राहिली. साठे 1 नोव्हेंबरपर्यंत 90 टक्के भरण्याचा 2022 चा नियम 2025 मध्ये सैल झाला: आता हे लक्ष्य 1 ऑक्टोबर ते 1 डिसेंबर या काळात केव्हाही गाठले तरी चालते.