911 आणि केमन: हातभर सरकलेलं इंजिन

रस्त्यावर बुटकी, गोलसर, बेडकासारखे डोळे वर काढलेली पोर्शे दिसली की बघणारा लगेच म्हणतो, "नाईन-इलेव्हन!" पुष्कळदा ती 911 नसतेच, ती केमन असते. आणि कुणी ते सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "अच्छा, म्हणजे स्वस्तातली 911." मला या दुसऱ्या वाक्याचा राग येतो. पहिली चूक नजरेची, ती कुणाचीही होईल. दुसरी समजुतीची आहे, आणि ती दुरुस्त करायची तर इंजिन कुठे बसवलंय इथूनच सुरुवात करावी लागते.

आधी नजरेचं बघू. गाडी बाजूने पाहा. केमनच्या दाराच्या मागे, मागच्या चाकाच्या पुढे, हवा आत घेणारी एक खाच असते. तिच्यामागेच, दोन सीटांच्या पाठीशी, इंजिन बसलेलं असतं आणि ते त्या खाचेतून श्वास घेतं. साध्या 911 कॅरेराची ती जागा कोरी असते. (911 टर्बोच्या मागच्या फुगीर मडगार्डवर मात्र खाचा असतात, त्यामुळे एवढ्या एकाच खुणेवर पैज लावू नका.) मग छत बघा. 911 चं छत ड्रायव्हरच्या डोक्यावरून निघून एका दमात शेपटीपर्यंत उतरतं आणि बाजूच्या काचेतून मागच्या दोन चिमुकल्या सीटा दिसतात. केमन फक्त दोघांची. समोरून 911 चे दिवे जवळपास गोल, केमनचे जरा तिरके ओढलेले. आत डोकावता आलं तर 911 मध्ये पाच डायल, केमनमध्ये तीन. उघड्या छताची असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण 911 चीही कॅब्रिओलेट मिळते, आणि केमनच्या उघड्या बहिणीला बॉक्सस्टर असं वेगळंच नाव आहे. 2016 पासून या दोन बहिणींच्या नावाआधी 718 हा आकडा लागला.

आता इंजिन. 911 चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही, मागे असतं, केमनचं त्याच ॲक्सलच्या पुढे. दोन्ही माणसांच्या पाठीमागेच, म्हणून लोक दोघींना 'मागे इंजिनवाल्या' म्हणून मोकळे होतात. पण हातभर अंतराने काय होतं, ते सायकलवरून दळण आणलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पिठाचा भरलेला डबा कॅरिअरवर बांधला की पुढचं चाक हलकं होतं, हँडल सैल लागतं आणि वळणावर मागचा भाग स्वतःच्या मनाने बाहेर जाऊ बघतो. तोच डबा दोन्ही चाकांच्या मधोमध, नळीला टांगला तर सायकल जड होते, पण हट्टी होत नाही. 911 च्या वजनातला साधारण 62 टक्के भार मागच्या चाकांवर असतो, केमनच्या साधारण 55 टक्के.

भार किती, याच्याइतकंच तो मध्यापासून किती लांब आहे हेही महत्त्वाचं असतं. लाठीच्या टोकाला वजन बांधून ती गरगर फिरवून पाहा. सुरुवात करायला जोर लागतो, आणि फिरायला लागली की थांबवायलाही तेवढाच. तेच वजन मधोमध बांधा, लाठी मनगटाच्या इशाऱ्यावर फिरते आणि थांबते. केमन ही मधोमध वजनाची लाठी. स्टिअरिंग वळवलं की नाक, कंबर, शेपटी एकाच वेळी वळतात. 911 मध्ये वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की भार पुढे झुकतो, मागच्या टायरांची पकड ढिली होते आणि टोकाला बांधलेलं इंजिन सगळी गाडी गोल फिरवू लागतं. 1975 च्या पहिल्या 911 टर्बोमध्ये 260 अश्वशक्ती होती, टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची, ताकद उशिरा यायची आणि आली की सगळी एकदम. त्या गाडीला 'विडोमेकर', म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं नाव पडलं ते यामुळे.

मग इतकी दशकं इंजिन तिथे ठेवलं कशाला? याचं उत्तर 1948 मध्ये सापडतं. ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात पोर्शे नावाची पहिली गाडी तयार झाली, 356 क्रमांक 1. फोक्सवॅगनचं 1131 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 35 अश्वशक्ती. आणि ते इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे होतं! म्हणजे पोर्शेची पहिली गाडी आजच्या केमनच्या मांडणीची होती. विक्रीसाठी गाडी बनवायची ठरल्यावर सीटांच्या मागे सामानाला आणि पोराबाळांना जागा हवी होती, म्हणून इंजिन मागे ढकललं. 1963 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 356 ची वारस आली, तिचं नाव होतं 901. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि 901 ची 911 झाली. इंजिन मात्र मागेच राहिलं. केमनला 'नवी, धाकटी, नकली' म्हणणाऱ्यांनी ग्म्युंडची ती गाडी जरूर आठवावी.

911 ची बाजूही मला मनापासून मांडायची आहे, कारण तिथे इंजिन ठेवण्याचे खरे फायदे आहेत. वेग घेताना गाडीचा भार मागे जातो, आणि 911 चा तर तिथेच असतो. त्यामुळे मागचे टायर रस्त्याला घट्ट धरतात, ताकद फुकट जात नाही. ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो आणि चारही टायर जवळपास सारखं काम करतात. शिवाय साठ वर्षं एकाच अवघड मांडणीवर मेहनत घेतलेल्या इंजिनिअरांनी ती माणसाळवली आहे. मागचे टायर रुंद केले, मागचं सस्पेन्शन नव्याने रचलं, इलेक्ट्रॉनिक्सची राखण बसवली. आजच्या 911 मध्ये शेपटीचा धाक उरलेला नाही, तिची चव तेवढी उरली आहे. वळण संपताना पाय दाबला की पाठीमागून कुणीतरी खांदा लावून ढकलतंय असं वाटतं. ते केमनमध्ये नाही.

911 एकदा बंदच होणार होती. पुढच्या बाजूला आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन असलेली पोर्शेचीच 928 तिची जागा घेणार असं ठरलं होतं. 1981 मध्ये प्रमुख म्हणून आलेल्या पीटर शुट्झ यांनी मुख्य इंजिनिअर हेल्मुट बॉट यांच्या खोलीतल्या तक्त्यावर 911 ची रेघ 1981 ला संपलेली पाहिली, मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर ओढत नेली. 911 वाचली. 

दोन गाड्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या त्या नव्वदीच्या दशकात, आणि पैशांच्या ओढाताणीमुळे. पोर्शे तेव्हा बुडण्याच्या बेतात होती. दोन नव्या गाड्या एकत्र घडवून खर्च वाचवायचा असं ठरलं. 1996 मध्ये बॉक्सस्टर आली, 1997 मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची पहिली 911, तिचा कारखान्यातला क्रमांक 996. दोघींचं बॉनेट एक, दिवे एक, दारं एक. 911 च्या चाहत्यांना हे झोंबलं, कारण जास्त पैसे मोजून त्यांना स्वस्त गाडीचा चेहरा मिळाला होता. पण त्या वाटणीनेच कंपनी वाचली. 2005 मध्ये बॉक्सस्टरला पक्कं छत घातलं, अंग जास्त ताठ झालं आणि केमन जन्मली.

इथून माझी तक्रार सुरू होते. पहिल्या केमन एसमध्ये 3.4 लिटरचं 295 अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्या वेळच्या साध्या 911 कॅरेरात 3.6 लिटरचं 325 चं. चांगल्या मांडणीच्या गाडीला कायम एक पायरी खाली ठेवलं गेलं. पोर्शेचं घर 911 वर चालतं, तेव्हा थोरलीच्या पुढे धाकटीला जाऊ न देणं हा धंद्याचा हिशेब असावा असं मला वाटतं. पण त्यामुळे 'केमन कमी पडते' असा समज पसरला. 2016 मध्ये तर साध्या 718 मधून सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. कागदावर ताकद वाढली, साधीत 300 आणि एसमध्ये 350 अश्वशक्ती, पण आवाज गेला. सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असलेलं, चढत जातं तेव्हा त्याचा सूर घोगऱ्यापासून धारदारपर्यंत बदलत जातो. चार सिलिंडरचं नुसतं गुरगुरतं. एवढ्या किमतीच्या गाडीत आवाज ही चैन नसते, तो गाडीचा अर्धा जीव असतो. पोर्शेलाही हे कळलं असावं. 2020 मध्ये 718 जीटीएसला 4 लिटरचं, टर्बो नसलेलं, 400 अश्वशक्तीचं सहा सिलिंडर इंजिन परत मिळालं. माझ्या मते सगळ्या केमनांमध्ये रस्त्यावर चालवायला हीच सर्वांत उत्तम.

आणि 2021 मध्ये साखळी पुरती सुटली. केमन जीटी4 आरएसमध्ये थेट 911 जीटी3 चं इंजिन बसवलं, 500 अश्वशक्ती, मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत फिरणारं. हवा खेचणारी तोंडं ड्रायव्हरच्या कानामागे, मागच्या छोट्या काचेच्या जागी आणली. केमनच्या मांडणीचा याहून बोलका पुरावा मात्र खुद्द 911 च्या घरातला, 2017 चाच आहे. त्या वर्षी रेसिंगमध्ये उतरलेल्या 911 आरएसआरचं इंजिन पोर्शेने स्वतः मागच्या ॲक्सलच्या पुढे आणलं. नाव 911, मांडणी केमनची. 2018 मध्ये हीच आरएसआर ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिली आली.

घरात वापरायचा प्रश्न असेल तर हिशेब उलटतो. 911 च्या मागच्या सीटांवर मोठा माणूस बसत नाही, पण शाळकरी मूल बसतं, आणि पाठ पाडली तर दोन-तीन बॅगा आरामात जातात. केमनला पुढे 150 लिटरची डिकी आणि मागे काचेखाली आणखी एक, त्यामुळे दोघांच्या सहलीला तीच सोयीची. इंजिन तुम्हाला दिसतही नाही, ते मागच्या डिकीच्या पुढे झाकणाखाली असतं. रुंदीलाही केमन पाच सेंटिमीटरने आटोपशीर आहे. 911 च्या 992 क्रमांकाच्या पिढीतली साधी कॅरेरा थांबलेल्या अवस्थेतून ताशी 100 किलोमीटरचा वेग 4.2 सेकंदांत गाठते, साधी मॅन्युअल केमन 5.1 मध्ये, आणि या फरकाने कुणाचं काही अडत नाही.

जुनी घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. 986 क्रमांकाची बॉक्सस्टर आणि 996 क्रमांकाची 911, दोघींच्या इंजिनात आतल्या शाफ्टचं एक बेअरिंग दगा देण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ते गेलं की इंजिनच जातं. चेहऱ्याबरोबर हा दोषही दोन बहिणींनी वाटून घेतलाय, तेव्हा ते बेअरिंग बदललंय का ते कागदावर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

911 आता हायब्रिडही झाली आहे. 2024 च्या कॅरेरा जीटीएसमध्ये 3.6 लिटरच्या इंजिनाला विजेची जोड आहे आणि एकूण ताकद 541 अश्वशक्ती. केमनचं मात्र वेगळं झालं. सायबर सुरक्षेचे नवे नियम तिच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सला पेलवले नाहीत म्हणून युरोपात साध्या 718 ची विक्री 2024 मध्येच थांबली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये पेट्रोलच्या 718 चं उत्पादन संपलं. पुढची 718 आधी फक्त विजेवर चालणारी असणार होती. आता सर्वांत वरच्या मॉडेलांमध्ये पेट्रोल इंजिनही ठेवू, असं पोर्शे म्हणते आहे. ते सहा सिलिंडरचं असेल आणि सीटांच्या मागे, ॲक्सलच्या पुढे बसेल, एवढंच मला हवं आहे.